बासवालीचं लिनक्स

माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप एका परक्या बाईने ठणठणीत केला, हे मला सासूबाईंकडून कळलं. तेही मटार सोलता सोलता, सहज.

"आता झटकन उघडतो हो तो," सासूबाई म्हणाल्या. "आधी तो उघडेपर्यंत माझं अर्धं वर्तमानपत्र वाचून व्हायचं."

"कुणी केलं?"

"त्याच्या त्या बासवालीने. तालमीच्या मधल्या सुट्टीत. काय ते लिनक्स घातलंय म्हणे. तू नाही का सारखी सांगत असतेस, तेच."

तेच! लग्न झाल्यापासून मी ज्याचा जप करतेय, तेच. मी एका मोठ्या रुग्णालयातले संगणक सांभाळते. वॉर्डात, प्रयोगशाळेत, औषधांच्या खिडकीवर जी जुनीपुराणी यंत्रं अजून धुगधुगी धरून आहेत, ती माझ्यामुळे. संगणकाला चालवणारी जी मूळ प्रणाली असते, ती लिनक्सची असेल तर म्हाताऱ्या यंत्रातही जीव येतो. तिचे शेकडो प्रकार आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. कुठली जड, कुठली हलकी, कुठली किती मेमरी खाते, हे मला झोपेतून उठवून विचारा. माझ्या नवऱ्याने मला जागेपणीही कधी विचारलं नाही.

म्हणजे एकदा विचारलं होतं. "हा फारच हळू झालाय गं," असं म्हणाला होता. मी खुर्ची ओढली, डेबियनपासून सुरुवात केली, विंडो मॅनेजर म्हणजे काय ते सांगितलं, सगळ्यात हलक्या अँटीएक्सपर्यंत पोचले तेव्हा हा बसल्या बसल्या घोरत होता. मी उठून दिवा बंद केला. त्यानंतर त्याने विषय काढला नाही आणि मीही ताठ्यात राहिले.

नवरा एका वाद्यवृंदाच्या स्वरलिपी तयार करतो. संगीतकार सगळ्या वाद्यांचं मिळून एक जाडजूड बाड देतो, त्यातून प्रत्येक वादकाला त्याच्या वाद्यापुरते कागद काढून द्यायचे, हे याचं काम. बास म्हणजे माणसाएवढं उभं व्हायोलिन, आणि ते वाजवणारी ती बासवाली. तिला मी एका कार्यक्रमानंतर पाहिलं होतं. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, पायात सपाट बूट. तरुण आणि देखणी असती तर एक वेळ मला समजलं असतं. सरळ भांडता आलं असतं. पण चष्म्याला दोरी बांधणाऱ्या बाईचा हेवा वाटतोय, हे कुणाला सांगणार?

संध्याकाळी नवरा आला. मी काही विचारलं नाही. त्यानेच टेबलावर लॅपटॉप ठेवला, उघडला आणि लहान मुलाने पडलेला दात दाखवावा तसा मला दाखवला.

"बघ ना! मिंट म्हणतात याला. ताईंनी बसवून दिली."

ताई! "एक्सएफसीई वाली का?" मी विचारलं. मिंटमधली ती त्यातल्या त्यात हलकी.

"ते काय ते मला माहीत नाही."

"एवढ्या जुन्या यंत्राला ती जडच आहे," मी म्हणाले. "दोन जीबी मेमरीत कशीबशी रांगेल."

"रांगत नाही गं, पळतेय," तो म्हणाला. "आणि हे बघ. चार्जरची पिन सारखी निसटायची ना? त्यांनी इथे बुचाचा तुकडा खोचून दिलाय. आता हलत नाही."

ती पिन मी डाग देऊन पक्की करणार होते. करणार होते, करणार होते, असं सहा महिने तरी चाललं होतं. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे पिन निसटली की लॅपटॉप तत्काळ बंद. हा बिचारा एका हाताने वायर धरून काम करायचा. ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण घरच्या कामाला सवड कधी असते? दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं उघडून घरी आले की मला स्क्रूड्रायव्हर डोळ्यांसमोर नको असतो. त्या बुचाकडे पाहून मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कापलं होतंही नीटनेटकं, कडा घासून.

त्या दिवसापासून मी लॅपटॉपशी अबोला धरला. नवऱ्याशी बोलत होते, जेवायला वाढत होते, पण टेबलावरच्या त्या डबड्याकडे ढुंकून पाहायचं नाही, असं ठरवलं. होऊ दे की बासवालीचा.

आणि तो होतच गेला. माझा नवरा, जो टोस्टरची कळ दाबतानाही लांब उभा राहतो, तो फोनवर "हो हो, अपडेट टाकली कालच," असं म्हणून हसायला लागला. मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. एकाच सदऱ्याची घडी मी पुन्हा पुन्हा घातली. हसण्यासारखं त्यात काय आहे? मी रोज अपडेट टाकते, मला कधी हसू आलं नाही.

"गुणी बाई आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना माझं तोंड बरोबर वाचता येतं आणि त्यात तेल ओतायलाही आवडतं. "त्याला समजेल असं सांगते."

"म्हणजे मी समजेल असं सांगत नाही?"

"मी कुठे काय म्हटलं? मी आपली बाईबद्दल बोलले."

पुढच्या रविवारी त्याची दुपारभर तालीम होती. नव्या रचनेच्या कागदांच्या कच्च्या प्रती घेऊन तो गेला, पेन्सिलीने चुका टिपायला. लॅपटॉप घरीच. संध्याकाळी येऊन त्या चुका सुधारायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पक्के कागद छापून प्रत्येक वादकापुढे मांडायचे, असं ठरलेलं. नवी रचना होती, पाहुणा संगीतकार समोर बसणार होता. कागद नसते तर सगळा वाद्यवृंद हात बांधून बसला असता आणि बोट माझ्या नवऱ्याकडे गेलं असतं. हे सगळं मला माहीत होतं.

मला फक्त बघायचं होतं. डिस्ट्रो पेन ड्राइव्हवर घालून यंत्र त्यावरून चालू करता येतं. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही, आवडली तर बसवायची, नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. मी आधी बासवालीची मिंट चालू केली, काही न उघडता किती मेमरी खाते ते पाहिलं. सहाशे एमबीच्या आसपास. मग माझी अँटीएक्स. दोनशेच्या आतबाहेर. मी एकटीच टेबलापाशी बसून हसले. तिसऱ्या हिश्श्यात भागत होतं! शाळेत पहिला नंबर आल्यावरही मला एवढा आनंद झाला नव्हता.

इथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, नुसते आकडे दाखवले तर हा "अरे वा" म्हणेल आणि चहा मागेल. त्यापेक्षा दोन्ही शेजारी शेजारी बसवू. लॅपटॉप चालू केला की तो दर वेळी विचारेल, कुठली हवी? मग बघूच, माझा नवरा कुणावर बोट ठेवतो ते.

त्यासाठी मिंटची जागा थोडी आवळून बाजूला माझ्यासाठी जागा करायची होती. हे काम मी रुग्णालयात डोळे मिटून करते. आधी बॅकअप असल्याची खात्री करायची, हा पहिला नियम, आणि बॅकअप तर होताच. मीच बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम रोज या लॅपटॉपवरच्या फायलींची प्रत कपाटात ठेवलेल्या माझ्या हार्ड डिस्कच्या डब्यात पाठवतो. तेव्हा ती काळजी नव्हती. फक्त ते बूच डोळ्यांत खुपत होतं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपला तिचं बूच. मी ते उपटलं आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. पिन हाताने नीट बसवली. काम सुरू केलं.

जागा आवळताना आतल्या फायली एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवल्या जातात. ते चालू असताना यंत्राला कुणी हात लावू नये, असं पडद्यावरही लिहून येतं. मी हात लावला नाही. मी नुसती मागे टेकले, पाय लांब केले आणि पायात वायर आली.

पडदा काळा झाला.

मी पिन खोचली, कळ दाबली. मिंट उठेना. पेन ड्राइव्हवरून आत डोकावले तर डिस्कची ओळखच पटेना. अर्ध्या फायली इकडे, अर्ध्या तिकडे, आणि कुठली कुठे याचा हिशेब हरवलेला. "काय गं, काय पडलं?" सासूबाई आतून ओरडल्या. "काही नाही," मी म्हणाले आणि कपाटाकडे धावले.

डब्यात शेवटची प्रत होती ती बासवालीने मिंट बसवली त्याच्या आदल्या दिवशीची. साहजिकच होतं. नवी प्रणाली आली, जुनं सगळं पुसलं गेलं, त्यात माझा छोटा प्रोग्रॅमही गेला. मी नुसता एकदा लॅपटॉप उघडला असता तरी लक्षात आलं असतं. पण मी तर अबोला धरून बसले होते. नव्या रचनेचं सगळं काम त्यानंतरचं.

मग मी जमेल ते सगळं केलं. हरवलेल्या फायली हुडकणारी साधनं लावली. एकेक तुकडा वर आला, नाव नसलेला, मध्येच तुटलेला. बासरीच्या कागदाचं एक पान, कुठल्या तरी जुन्या बिलाचा अर्धा भाग, आमच्या एका सहलीचा फोटो. नवऱ्याला फोन करायची माझी छाती होत नव्हती. त्याचं ओरडणं मी एक वेळ सोसलं असतं, पण तो ओरडत नाही. तो "असू दे" म्हणतो आणि आतल्या खोलीत जाऊन बसतो. आणि मग त्याचा लॅपटॉपच काय, मोबाइलसुद्धा तो मला कधी दाखवणार नाही, हे मला दिसत होतं. बासवालीकडे नेईल.

आणि मी बासवालीलाच फोन केला. नंबर सासूबाईंकडे होता. अर्थातच होता.

तालमीची मधली सुट्टी असावी, मागे कुणीतरी तुतारीचे सूर घोळवत होतं. मी एका दमात सगळं सांगितलं, बुचासकट.

"वहिनी," ती म्हणाली, "घाबरू नका. सगळं माझ्याकडे आहे."

"सगळं म्हणजे?"

"दर तालमीनंतर ते माझ्या पेन ड्राइव्हवर प्रत देतात. कालचीही आहे. आजच्या चुका तेवढ्या सुधारायच्या राहतील." मग जरा घुटमळून म्हणाली, "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. तिचा बॅकअप आहे, तिला वाटेल माझा तिच्यावर विश्वास नाही, म्हणून."

माझा जीव भांड्यात पडला. काम वाचलं होतं. वाचवलं होतं तिने. आणि त्या दोघांचं माझ्यापासून लपवलेलं एक गुपित होतं, आणि ते गुपित माझ्या मनाला लागू नये म्हणून होतं. यावर रागावायचं तरी कसं? मी तरी रागावले.

संध्याकाळी दोघं मिळून आले; वाटेत तिने त्याला सांगितलंच असणार. तिच्या पाठीवर तो अवजड बास होता, तो दारातून आत घेताना नवऱ्याने तिला सराईतपणे हात दिला. तेही मी पाहिलं. नवरा टेबलापाशी आला, बंद लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"असू दे," तो म्हणाला.

"असू दे म्हणू नकोस," मी म्हणाले. "ओरड. मी जळत होते, म्हणून झालं हे. यांच्यावर जळत होते." आणि मी सरळ बासवालीकडे बोट केलं.

बासवालीने दोरीचा चष्मा काढून पुसला. "माझ्यावर?" ती म्हणाली. "अहो वहिनी, मला ही एकच डिस्ट्रो येते. माझ्या भाच्याने शिकवली होती. दुसरी कुठली विचाराल तर मी बाद." तिने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "तुम्ही त्यातल्या जाणकार. तुम्हीच बसवा काय हवं ते. मी चहा करते."

"चहा मी करते," सासूबाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. त्यांना यातलं काहीच चुकवायचं नव्हतं.

मैदान मोकळं मिळालं होतं. मी खुर्चीत बसले, डिस्क साफ पुसली आणि पेन ड्राइव्ह लावला. माझा. अँटीएक्स. नवरा बाजूला उभा राहून नुसता पाहत होता. दोनशे विरुद्ध सहाशे, मनात म्हटलं, आता कळेल.

"बसवून झाली की तुझा तो नोटेशनचा प्रोग्रॅम घालते," मी त्याला म्हणाले. "कुठला तो? नाव सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"म्यूझस्कोर," सासूबाई म्हणाल्या. "जुना, तीनवाला. नव्यात त्याच्या फायली उघडल्या की ओळी इकडच्या तिकडे जातात."

सासूबाईंना मोबाइलवर चष्म्याशिवाय वेळ दिसत नाही, आणि त्यांना म्यूझस्कोरचा आकडा माहीत होता. बासवालीला माहीत होता. बहुतेक त्या तुतारीवाल्यालाही माहीत असेल.

"सूर भरायला ती छोटी पियानोची पट्टी जोडतो ना मी," नवरा हळूच म्हणाला, "ती मिंटमध्ये जोडली की लगेच चालली होती. आणि तालमीच्या हॉलमधला तो मोठ्या कागदाचा प्रिंटर. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तुम्ही यावर काय काय करता. मग ते सगळं एकेक लावून पाहिलं. पाऊण सुट्टी त्यातच गेली."

"मी काय विचारलं होतं?"

"तू मेमरी किती, ते विचारलं होतंस."

पट्टी अँटीएक्समध्येही चालली असती. थोडी खटपट करून प्रिंटरही चालला असता, मला सगळं करता आलं असतं, आणि हे मी तिथल्या तिथे सिद्ध करून दाखवू शकले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी बासवालीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम. तिच्या त्या भलेपणाचाही मला संताप आला.

"तुमची मिंट आहे का बरोबर?" मी तिला विचारलं.

तिने पिशवीतून दुसरा पेन ड्राइव्ह काढून दिला. मी माझा काढला, तिचा लावला. माझ्याच हातांनी बसवली तिची मिंट, आणि बसत असताना पडद्यावरची ती हिरवी पट्टी पुढे सरकताना बघणं म्हणजे काय असतं, ते मी सांगू शकत नाही. सवतीला माप ओलांडून घरात घेताना असंच होत असावं. वायर मात्र मी स्वतः धरून बसले होते, दोन्ही हातांनी.

"आता सांग," मी नवऱ्याला म्हणाले.

"काय?"

"यावर तू काय काय करतोस ते. पहिल्यापासून."

"आत्ता? चुका सुधारायच्यात गं."

"सुधारताना सांग. मी काही मध्ये बोलणार नाही."

सासूबाई फिस्सकन हसल्या. त्यांना बहुधा मी मध्ये न बोलण्याबद्दल शंका होती.

प्रोग्रॅम चढला, तिच्या प्रतीतून फायली आल्या, पट्टी जोडली तशी पहिल्या झटक्यात वाजली. नवरा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. हे पान दुसऱ्या व्हायोलिनचं, तो म्हणाला. इथे त्यांना पान उलटायचं असतं, पण हात रिकामा नसतो, म्हणून ओळ थोडी आवळायची, म्हणजे विराम बरोबर पानाच्या शेवटी येतो आणि तेवढ्यात पान उलटून होतं. असं प्रत्येक वाद्याचं, प्रत्येक पानाचं. कुणी वाचणारा हे बघत नाही, पण चुकलं की सगळ्या हॉलला ऐकू येतं. मला वाटायचं, हा नुसतं टंकतो. इतकी वर्षं मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.

"हे पान उलटायचं लक्षात कसं आलं तुझ्या?" मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळलं.

"ताईंनीच सांगितलं होतं. अगदी सुरुवातीला." तो कच्च्या प्रतीतल्या बासच्या कागदापाशी पोचला होता. तिथे एका विरामावर पेन्सिलीने छोटीशी गोगलगाय काढलेली होती. तो ते बघून हसला, मान वळवून बासवालीकडे पाहिलं, आणि तीही हसली. दोघांचा जुना कसला तरी विनोद होता. मला काही कळला नाही.

पुन्हा तोच हेवा वाटला, जसाच्या तसा. काही कमी झालं नव्हतं. मी वायर घट्ट धरली.

"ही गोगलगाय कसली?" मी विचारलं. "सांग ना, मलाही."

बासवाली उठून आमच्या मागे यायला निघाली होती. नवऱ्याने हाताने तिला थांबवलं. "थांबा ताई," तो म्हणाला, "मी सांगतो हिला." आणि खुर्ची आणखी जवळ घेऊन त्याने सांगायला सुरुवात केली.